कपावरची बशी

माझं माहेर कालव्याच्या शेपटाला आणि सासर कालव्याच्या तोंडाशी. सासरची शेती बारामती तालुक्यात, वडगाव निंबाळकरला, म्हणजे पाणी सुटलं की आधी त्यांचा ऊस भिजणार. माहेर इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरच्या वाटेवर, जिथं पोचेपर्यंत पाणीच कंटाळलेलं असायचं. आमच्या लग्नात दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांची भरपूर चेष्टा केली, पण नवरा-नवरीची कुणी केली नाही. सगळी चेष्टा पाण्यावरून. सासरचे म्हणाले, चला, इंदापूरच्या एका माणसाला तरी आता पोटभर पाणी मिळेल. माहेरचे म्हणाले, आमचं पाणी तुम्ही वर्षानुवर्षं पिताय, आता लेकही न्या. मी मुंडावळ्या बांधून मधे बसले होते. मला कुणी काही विचारलं नव्हतं, अगदी स्थळ ठरतानाही नाही. मी गप्प होते, आणि आमच्याकडं मुलगी गप्प राहिली की पेढे वाटायला घेतात.

हा अर्थ फक्त मुलींपुरता. पुरुष गप्प राहिला तर त्याचा अर्थ निराळा, आणि तो पुरुष माझे वडील असतील तर फारच निराळा. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. कालव्याच्या आमच्या फाट्यावरच्या शेतकऱ्यांची पाणी कमिटी होती, तिचे ते प्रमुख. कमिटीची बैठक दूध संस्थेच्या ओट्यावर भरायची. पाणी सोडणारा पाटकरी यायचा, कधी पाटबंधारे खात्याचे साहेब यायचे, आमच्या घरून चहा जायचा. सगळे बशीत ओतून फुर्र करून प्यायचे. आबांना एखादी गोष्ट पटली नाही तर ते भांडत नसत. आवाजही चढवत नसत. भरल्या कपावर बशी पालथी घालायची आणि समोरच्या लिंबाकडं बघत बसायचं, एवढंच.

त्यानंतर बैठक मोडायची नाही आणि पुढंही सरकायची नाही. कुणीतरी म्हणायचं, आबा, चहा गार होतोय. आबा लिंबाकडं बघत. मग साहेब घसा साफ करून दुसरा काही विषय काढत, तो फार वेळ टिकत नसे. शेवटी दिवेलागणीच्या आधी कुणीतरी मोटारसायकल काढून आमच्या घरी यायचंच. अंगणात बसून इकडच्या तिकडच्या गप्पा व्हायच्या, उसाच्या, म्हशीच्या, भिगवणच्या चिलापी माशाच्या, आणि जाता जाता तो माणूस विचारायचा, मग आबा, तुमचं म्हणणं तरी काय? तेव्हा कुठं आबा तोंड उघडायचे. निम्मं त्यांचं ऐकलं जायचं, निम्मं ते सोडून द्यायचे, आणि पुढच्या बैठकीत पहिला कप ते मोठ्या समाधानानं रिकामा करायचे. आई ह्या सगळ्या प्रकाराला ‘झाकण’ म्हणायची. ‘तुझ्या बापानं आज पुन्हा झाकण लावलं,’ असं ती चूल फुंकत सांगायची आणि येणाऱ्या माणसासाठी जादा आधण ठेवायची.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं. मी बारामतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते आणि आमचे हे तिथंच इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. कॉलेजला पुण्याहून इंटरनेटची लाईन मिळाली, तेव्हा लाईन ह्यांच्या ताब्यात आणि कॉम्प्युटर माझ्या ताब्यात अशी वाटणी झाली. त्यामुळं काही बंद पडलं की दोष लाईनचा का कॉम्प्युटरचा, यावर आमचं घरी जेवण होईपर्यंत चालायचं. सासूबाईंना दोन्हीतलं काही कळत नव्हतं, पण त्या नेहमी माझ्या बाजूनं निकाल द्यायच्या, कारण मुलाच्या लहानपणापासूनच्या दुरुस्त्या त्यांनी पाहिल्या होत्या.

बारामतीत इंटरनेट आलं ही बातमी माहेरी पोचली आणि आबांच्या डोक्यात विचार शिरला. बारामतीत आलं तर इथं का नाही? दूध संस्थेची सरकी पेंड ठेवायची एक खोली होती, ती त्यांनी मोकळी करून घेतली, आतून चुना मारला, आणि मला निरोप धाडला की इथं गावाचं कॉम्प्युटर केंद्र काढायचं. शाळेची पोरं शिकतील, दुधाचा हिशेब होईल, आणि मुंबईला गेलेल्यांना पत्रं जातील. चुना मारूनही खोलीचा पेंडीचा वास गेला नाही, तो शेवटपर्यंत तसाच राहिला. कॉलेजचे जुने झालेले कॉम्प्युटर आम्ही मागून घेतले. लाईन तेवढी बारामतीवरून घ्यावी लागणार होती, त्याला इलाज नव्हता. आबांनी ते मान्य केलं, पण एक अट घातली. केंद्रात बारामतीचं जे काही असेल ते फक्त वाटेपुरतं.

तेव्हा मी त्यांना नंबरांची गोष्ट सांगितली. इंटरनेटवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर लागतो, त्याशिवाय त्याच्याकडं काही येत नाही आणि त्याच्याकडून काही जात नाही. हे नंबर कुणी मनानं घेऊ शकत नाही. आशिया खंड आणि पलीकडच्या समुद्रातली बेटं, एवढ्या सगळ्या मुलखाला नंबर वाटणारं एक कार्यालय परदेशात आहे. नंबर मोजके आहेत आणि मागणारे पुष्कळ. एखाद्याला स्वतःच्या नावावर नंबर मिळाले तर त्यानं लाईन बारामतीवरून घ्यावी, उद्या सोलापूरवरून घ्यावी, नंबर त्याचेच राहतात. नाहीतर ज्याच्याकडून लाईन घेतली त्याच्यातले थोडे वापरायला घ्यायचे, आणि लाईन बदलली की ते परत करून एकूण एक कॉम्प्युटर नव्यानं मांडायचा.

आबांना हे झटकन कळलं, किंवा कळलं असं त्यांना वाटलं. पाणी आणि पाण्याचा हक्क, ते म्हणाले. पाणी बारामतीच्या दारावरून येऊ दे, हक्क आपल्या नावाचा पाहिजे. गावाच्या नावावर नंबर आणायचेच, असं त्यांनी त्या दिवशी ओट्यावर जाहीर करून टाकलं. लोकांना नंबर म्हणजे काय ते समजलं नाही, पण बारामतीकडून घ्यायचे नाहीत एवढं समजलं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. आबांचं सबंध आयुष्य वरून काय सुटतंय ह्याची वाट पाहण्यात गेलं होतं. वरून न येणारी एक तरी वस्तू गावात असावी, ही त्यांची इच्छा होती. ते तसं बोलले नाहीत, पण मला दिसत होतं, आणि म्हणून मीही हौसेनं कामाला लागले.

अडचण अशी निघाली की नेमकं त्याच सुमाराला त्या परदेशी कार्यालयात नंबरांचा नियम बदलायचं घाटत होतं. लहान जाळ्यांना, म्हणजे आमच्या केंद्रासारख्या थोडक्या कॉम्प्युटरांच्या जोडणीला, स्वतःचे नंबर द्यायचे नाहीत, त्यांनी आपल्या वरच्याकडून, लाईन देणाऱ्याकडून घ्यावेत, असा प्रस्ताव होता. मी आबांना सांगितलं. त्यांनी ताबडतोब विचारलं, नियम करणारा साहेब कोण?

कुणीच नाही, मी म्हणाले. तिथले नियम साहेब करत नाहीत. ज्याला ज्याला म्हणून काही म्हणायचंय तो ई-मेलनं लिहितो, त्याचं लिहिलेलं सगळ्यांना जातं, सगळे त्यावर बोलतात, वर्षातून एखाददोनदा कुठल्यातरी देशात जमतात, आणि शेवटी सगळ्यांचं जमलं असं दिसलं की तो नियम होतो. मतदान नाही, काही नाही. त्यात जपानचा माणूस बोलू शकतो आणि आपल्या गावचाही बोलू शकतो.

आबांनी खूप वेळ विचार केला. असली सभा त्यांनी ऐकली नव्हती. त्यांची पहिली शंका आवतणाची होती. आपल्याला बोलावलंय का? नाही, बोलवत कुणालाच नाहीत. मग न बोलावता जायचं? मी सांगितलं, तिथं सगळे न बोलावताच आलेले असतात. हे ऐकून त्यांना त्या सभेबद्दल वाटत असलेला आदर बराच कमी झाला.

तरी त्यांनी मजकूर सांगितला आणि मी तो इंग्रजीत नेला. आमच्याकडं पूर्वीचे जाणते म्हणत की पाण्याची पाळी शेपटापासून सुरू करावी, म्हणजे तोंडाशी असलेल्याला घाई राहते आणि शेपटाला थेंब पोचतो. नंबरांचंही तसंच करा, लहानांना आधी द्या, मोठ्यांना कुठूनही मिळतील. सोमवारी बारामतीला जाऊन मी हे पाठवून दिलं. ह्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाले, कालव्यावरचं भांडण आता समुद्रापार पोचलं, तोंडाशी असलेल्यांनी सावध राहिलेलं बरं. मी त्यांना लाईनकडं लक्ष द्यायला सांगितलं.

आमचं काम चालायचं ते असं. आठवडाभर आलेल्या ई-मेल मी कॉलेजात छापून घ्यायची. कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद घडी घालून पिशवीत टाकायचा आणि रविवारी इंदापूरची एस.टी. धरायची. ओट्यावर आबा आणि कमिटीची मंडळी बसलेली असत. मी एकेक पत्र मराठीत सांगायची, ते त्यावर मनसोक्त बोलायचे, आणि उत्तर घेऊन मी परत. त्यामुळं आमचं उत्तर पोचायचं तेव्हा बाकीचे दोन विषय पुढं गेलेले असायचे. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. शेपटाला सगळंच उशिरा पोचतं.

आमच्या पहिल्या पत्राला उत्तरं आली, हे मात्र कबूल केलं पाहिजे. एका मोठ्या शहरातल्या माणसानं नीट समजावून लिहिलं होतं की जगातल्या मोठ्या यंत्रांना प्रत्येक जाळ्याची वाट लक्षात ठेवावी लागते, आणि बारीकसारीक जाळी फार झाली तर ती यंत्रं थकतील. म्हणणं खोटं नव्हतं. आणखी एकानं लिहिलं, नव्या मंडळींचं स्वागत आहे, मात्र आधीची चर्चा त्यांनी वाचून घ्यावी. मी ते जसंच्या तसं सांगितलं. शेवटचं पत्र सभेची चर्चा चालवणाऱ्या अध्यक्षांचं होतं. त्यांनी आमचे आभार मानले होते आणि तुमचं म्हणणं ऐकलं आहे, असं लिहिलं होतं, पटलं का नाही ते लिहिलं नव्हतं.

आबांनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग त्यांनी समोरचा कप जवळ ओढला, त्याच्यावर बशी पालथी घातली आणि ते लिंबाकडं बघायला लागले.

मी म्हटलं, आबा, त्यांना काय लिहू?

काही लिहू नको, ते म्हणाले. येतील.

कोण येतील, कुठून येतील, असं विचारायची तिथं कुणाची छाती नव्हती. कमिटीनं माना डोलावल्या. आता आबा गप्प बसले म्हटल्यावर विषय अडला, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की तो जगात कुठंही अडेल याची त्यांना खात्री होती. आणि मला तरी काय झालं होतं? मी चांगली शिकलेली, दिवसभर त्या ई-मेल वाचणारी. पण आधीची चर्चा वाचून घ्या, हे मलाही झोंबलं होतं. मी सगळी वाचली होती, छापली होती, आणि एस.टी.तून मांडीवर घेऊन हिंडले होते. म्हटलं, बसू दे त्यांना वाट बघत. गप्प बसण्यात मी आबांची लेक आहे.

दोन-तीन रविवार असेच गेले. मी कागद न्यायची, वाचून दाखवायची, आणि आमच्याकडून उत्तर जायचं नाही. दुधाच्या रांगेत बायाबापड्या विचारायच्या, परदेशातनं आलं का कुणी? आबा म्हणायचे, लांबून यायचंय त्यांना. आईनं मात्र यावेळी जादा आधण ठेवलं नाही.

मग एक दिवस अध्यक्षांचं छोटं पत्र आलं. चर्चा संपत आली आहे. कुणाचा अजून विरोध असेल तर अमुक दिवसाच्या आत लिहावं. जे लिहिणार नाहीत त्यांची संमती आहे असं धरलं जाईल.

ते वाचल्यावर माझा राग उतरला आणि मी रविवारची वाट न पाहता मधल्याच दिवशी गाव गाठलं. आबांना सांगितलं की त्या सभेत गप्प बसण्याचा अर्थ उलटा होतो, आपण बोललो नाही तर आपण हो म्हणालो असं ते समजतील. आबा हसले. मला वाटतं माझ्या अख्ख्या शिक्षणावर ते हसले.

“गप माणसाला हो धरणारी सभा म्या जन्मात बघितली न्हाय,” ते म्हणाले. “लिहिलंय तसं, पर करणार न्हाईत. येवढी शिकलेली माणसं हायती.”

मी वाद घातला. आबांनी लिंबाकडं तोंड फिरवलं. त्यांनी कपच नसताना बशी घातली, असं मी आईला म्हणाले, पण आईला हसू आलं नाही.

नियम झाला. विरोध उरला नाही, एकमत झालं, सर्वांचे आभार, असं अध्यक्षांनी लिहिलं. लहान जाळ्यांनी नंबर आपल्या वरच्याकडून घ्यावेत. म्हणजे आमच्या गावानं बारामतीच्या कॉलेजकडून घ्यावेत, आणि कॉलेजात ते देणार कोण, तर लाईन ज्यांच्या ताब्यात ते आमचे हे. ते काही चेष्टा करतील म्हणून मी तयारीत होते, पण माझं तोंड बघून त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढं केला.

रविवारी मी ओट्यावर गेलेच नाही, थेट घरी गेले. आबा पडवीत बसले होते. मी सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं, ते चिडले नाहीत. त्यांना नियमाचं दुःख नंतर झालं, आधी दुसऱ्याच गोष्टीचं झालं.

“म्हंजे माझी बशी कुणी बघितलीच न्हाय?” त्यांनी विचारलं.

मला फार वाईट वाटलं. हसूही येत होतं. सबंध तालुक्यात ज्या बशीला मान होता ती तारेतून पलीकडं गेलीच नव्हती. मी काहीतरी बोलणार एवढ्यात आतून आई आली, दाराच्या चौकटीत उभी राहिली.

“तुमची निदान ओट्यावर तरी दिसती,” ती म्हणाली. “माजा तर कपच नसतो तितं. म्या गप हाय का बोलतीय, कुणाला कळायचं?”

ती रागानं बोलली नव्हती. पदराला हात पुशीत बोलली आणि परत आत गेली. पण आबांनी मान वर केली ती बराच वेळ तशीच ठेवली. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता. आईनं आम्हा दोघांना चहा आणून दिला, आणि आबांनी पहिल्यांदाच तिला विचारलं, तुझा कुठाय? तिनं सांगितलं, पातेल्यात.

त्यानंतर आबांनी मला कागद घ्यायला सांगितलं. अध्यक्षांना एक पत्र लिहायचं होतं, नियम बदला म्हणून नव्हे. नियम तुमच्या रीतीनं झाला, ठीक आहे. पण आमच्याकडं माणूस बोलता बोलता गप्प झाला तर त्याचा अर्थ हो होत नाही, त्याच्याकडं जाऊन विचारावं लागतं. आमचं न विचारता राहिलं. पुढच्या वेळी जो आधी बोललाय आणि मग गप्प बसलाय, त्याला एकदा विचारून मग दार लावावं. मी ते तसंच पाठवलं. मधे माझं एकही वाक्य घातलं नाही.

अध्यक्षांचं उत्तर यायला वेळ लागला. सभेपुढं ठेवून मग लिहितो म्हणाले होते. नियम राहिला. पण इथून पुढं कुठलीही चर्चा संपवण्याआधी, जे बोलून मग गप्प झालेत त्यांना वेगळं विचारायचं, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं होतं की आमच्या शेपटाला पाणी पोचलं का. आबांनी हे ऐकून कागद माझ्या हातातून घेतला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्यांनी तो वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाले, बाय, त्यांना पाणी आलं म्हणावं, पण उशिरा.

केंद्र पावसाळ्यानंतर सुरू झालं, बारामतीचे नंबर घेऊन. आबांनी त्यात खळखळ केली नाही, पण जावयाला जवळ बोलावून एवढं बजावलं की नंबर दिलेत ते उसने, पुढच्या सभेत आम्ही पुन्हा मागणार आहोत. आमचे हे मान खाली घालून म्हणाले, मागा की, आम्हीही तुमच्या बाजूनं लिहू. तोंडाशी असलेल्या माणसानं असं म्हणावं हे ओट्यावरच्या मंडळींना इतकं नवीन होतं की दोघाचौघांनी त्यांना पुन्हा बोलायला लावलं.

त्या दिवशी पेंडीच्या खोलीत शाळेची पोरं, कमिटी, दूध घालायला आलेल्या बाया, सगळी दाटीवाटीनं उभी होती. ह्यांची वायर अजून लागायची होती. ते स्टुलावर चढून, दातात एक तार धरून, दोन्ही हातांनी दुसरी तार खिळ्याला बांधत होते. बाहेर ओट्यावर चहा आला. आईनं किटली ठेवली आणि नेहमीसारखी मागं सरकली, तर आबांनी एक कप भरून तिच्या हातात दिला आणि बाकड्यावर जागा करून दिली. आई संकोचून बसली. तिनं चहा एवढ्या हळू प्यायला की बहुतेकांचे कप रिकामे झाले तरी तिचा संपला नव्हता.

मी कठड्यावर बसले होते. आबा त्यांचा कप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. मला वाटलं लाईनबद्दल विचारतील.

“तुजं लगीन ठरलं तवा तू गप हुतीस,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले. “आमी हो धरलं.”

मी त्यांच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत ह्या विषयावर आमच्यात एक अक्षर झालं नव्हतं. मग माझ्या हातात चहाचा कप आहे हे लक्षात आलं. मी बशी उचलली, कपावर पालथी घातली आणि लिंबाकडं बघत बसले.

आबांची मोठी पंचाईत झाली. आयुष्यभर त्यांची समजूत दुसऱ्यांनी काढली होती, दुसऱ्याची कशी काढतात ते त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी धोतराचा सोगा झटकला. टोपी काढून पुन्हा घातली. म्हशीची चौकशी केली, ती त्यांच्याच गोठ्यातली होती. शेवटी म्हणाले, चहा गार होतोय. मी हलले नाही.

“बोल की, बाय,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

“हो हुतं, आबा,” मी म्हटलं. “पण कुणीतरी इचारायचं हुतं.”

त्यांनी मान हलवली. पुन्हा हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग ते सावरून बसले, खोलीच्या दाराकडं बोट केलं, जिथून स्टुलावरचे पाय आणि लोंबणारी तार एवढंच दिसत होतं.

“आता इचारतो,” ते म्हणाले. “बारामतीचं स्थळ हाय. पोरगा बरा वाटतोय. देऊ का तुला?”

मी त्या पायांकडं नीट निरखून बघितलं. एक मोजा निळा होता आणि एक तपकिरी. मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि बशी उचलून गार झालेला चहा पिऊन टाकला.